यंत्रातली चाल माझी असल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
कंपवात चालमापन प्रकल्प,
कै. यशोदाबाई सरनोबत स्मारक रुग्णालय,
कोल्हापूर.

अर्जदार : सौ. बायडाबाई केरबा मुधाळे, वय ६४, काम घरचे व चांदीचे, रा. हुपरी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर.

विषय : माझे पती श्री. केरबा दादू मुधाळे (रुग्ण क्र. ३१) यांचे नावावरील चालीचा अहवाल रद्द करून त्यांच्या गोळ्या पूर्वीसारख्या चार करणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. २२ सप्टेंबर २००८
२) आपले उत्तर, दि. १७ ऑक्टोबर २००८

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, सदर प्रकरणात चूक अर्जदाराची आहे व ती दुरुस्त करणे आपल्या हातात आहे. माझी शाळा तिसरीपर्यंत. अर्जाचा मायना आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी गणपतराव यांनी घालून दिला. खालचा मजकूरही ते लिहून घेऊन आले होते. त्यात 'मी एक अडाणी, अबला बाई' असे चार ठिकाणी होते. अडाणी असेन, पण ते चार वेळा ऐकून घ्यायची मला गरज नाही. तो कागद मी चुलीत घातला. इथून पुढचे अक्षर माझे.

१. माझे पती जन्मभर पैंजण करत आले. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. आधी वाटले, काम लई झाले. मग घुंगरू चिमट्यातनं सुटायला लागले. मग उजवा पाय मागे राहायला लागला. कोल्हापूरला दाखवल्यावर कंपवात हे नाव कळले. तेव्हापासून ते गोळीवर आहेत. गोळी अंगात असली की चालतात, बोलतात, माझ्याशी भांडतातसुद्धा. गोळी उतरली की उंबऱ्यापाशी पाय खिळा ठोकल्यासारखा राहतो. अंग पुढे येते, पाय येत नाही, आणि माणूस तोंडावर जातो. आपण शिकलेले आहात, आपणांस हे सांगायला नको. पण आपल्या कागदावर हे कुठेच नाही, म्हणून लिहिले.

२. आपण यंत्र आणायच्या आधीपासून आमच्या घरात आमचे यंत्र होते. त्यांच्याच हातचे एक जुने घुंगराचे पैंजण चार वर्षांपूर्वी मी त्यांच्या उजव्या पायात बांधले. आक्का, म्हणजे माझी थोरली नणंद, वय ७५, आमच्यातच असतात. त्या म्हणाल्या, "माझ्या भावाचा तमाशा केलास की गं." मी म्हटले, "तमाशा पडल्यावर व्हतोय आक्का, चालताना न्हाय." माझ्या पतीला स्वतःला मात्र वाईट वाटले नाही. आपलाच माल आहे, वाजतोय बरा, एवढेच म्हणाले. चुलीपुढे बसून मला सगळे कळायचे. सावकाश, एकसारखे वाजते आहे म्हणजे गोळी अंगात आहे. बारीक, भरभर वाजायला लागले म्हणजे तोल पुढे चालला, हातातले टाकून पळायचे. वाजायचे थांबले म्हणजे उंबऱ्यात अडकले. मग मी ऐरणीवर हातोडीने ठोका द्यायची. एक, एक, एक. त्या ठोक्यावर त्यांचा पाय उचलायचा. बाकी कशावर उचलायचा नाही, देवाच्या नावावरही नाही. चार वर्षांत ते एकदाच पडले, तेव्हा मी गडमुडशिंगीला लग्नाला गेलते.

३. गेल्या साली आपला प्रकल्प निघाला म्हणून नाव घातले. गोळ्या प्रकल्पातनं, डॉक्टर प्रकल्पाचे, आणि यंत्र बांधून चाल मोजायची असे ठरले. यंत्र बांधायला आपले कर्मचारी पृथ्वीराज होते. पोरगं सज्जन आहे, त्याच्यावर ठपका ठेवू नये. काडेपेटीएवढ्या तीन काळ्या डब्या. एक कमरेच्या पट्ट्यात आणि दोन घोट्यांच्या वर. अंघोळ सोडून सात दिवस काढायच्या नाहीत. पाऊल केवढे पडले, तोल कुठे गेला, वळायला किती वेळ लागला, सगळे आत लिहिले जाते आणि आठव्या दिवशी कॉम्प्युटरला जोडले की बाहेर येते, असे त्यांनी मला दोनदा समजावले. मला एकदाच कळले होते.

आमचा नंबर यायच्या आधी कागलकडचे एक गृहस्थ आत गेले होते. त्यांना दहा पावले चालून दाखवा म्हटले. ते खुर्चीतून उठलेच नाहीत. त्यांचे नाव यादीतून कमी झाले आणि त्यांची सून त्यांना काखेत धरून बाहेर घेऊन गेली. ती माझ्याकडे बघत गेली. पुढची चूक तिथून सुरू झाली.

४. हुपरीत माल तपासायला देतात, त्याला टंच काढणे म्हणतात. चांदी किती खरी आणि किती भेसळीची, ते त्यात बघतात. ज्याचा टंच कमी उतरतो त्याचा माल परत येतो आणि त्याला पुन्हा कुणी काम देत नाही. म्हणून तपासायला द्यायचा नग कारागीर निवडून देतो. ढिगात हात घालून हाताला लागेल तो देत नाही. यात लबाडी आहे का, तर थोडी आहे. पण सगळा गाव करतो, आणि तपासणाराही ते धरूनच चालतो. मला वाटले, हे यंत्र माणसाचा टंच काढते. चाल खोटी निघाली की माणूस परत, गोळी बंद. खरी निघाली की नाव राहणार. कागलच्या माणसाचे मी डोळ्यांनी पाहिले होते. दवाखान्यात वाईट नगाला जास्त जपतात हे मला कुणी सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. मी कुणाला विचारत नसते, ही माझी जुनी खोड आहे.

५. दि. ७ जुलै रोजी घरी आल्यावर मी दार लावले, त्यांच्या अंगावरच्या तिन्ही डब्या सोडल्या आणि माझ्या अंगावर बांधल्या. डावीची डावीकडे, उजवीची उजवीकडे, जशा होत्या तशा. आक्का समोर होत्या. माझे पती खाटेवर बसून बघत होते. त्यांचा आवाज आता एवढा बारीक झाला आहे की कान तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाले, "जल्मभर लोकांच्या बायकांच्या पायात घातलं. तुझ्या पायात आत्ता पडलं, ते बी काळं." मी म्हटले, "गप बसा. तुमच्या नावानं चालायला लागलीया मी, जरा मान ठेवा." या आजारात तोंडाला हसता येत नाही, तोंड दगडासारखे राहते. पण डोळे हसतात. ते हसले होते.

सात दिवस मी चालले. पहाटे म्हशीचे शेण काढले, गिरणीला गेले, बाजार केला, आणि माल चांगला दिसावा म्हणून बाजारातून मुद्दाम दोन चकरा जास्त मारल्या. वळताना झोकात वळले. एक दिवस एसटीने कोल्हापूरला येऊन गेले. आपल्या कागदावर त्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेदहा अशी भरपूर पावले दिसतात. त्या वेळी मी एसटीत बसले होते. म्हणजे यंत्राला एसटीचे हादरे आणि माणसाची चाल यातला फरक पुरता कळत नाही, हेही जाता जाता नजरेस आणते. गल्लीत कुणालातरी पायातली पट्टी दिसली आणि बायडाबाई कळंब्याच्या जेलातनं पॅरोलवर आलीया असे उठले. मी खुलासा केला नाही. निम्म्या गल्लीला ते खरेच वाटले असणार.

६. दि. २८ जुलै रोजी आम्हां दोघांना मोठ्या डॉक्टरांपुढे बसवले. त्या वेळी गोळी चढलेली होती, त्यामुळे माझे पती दारापासून खुर्चीपर्यंत माझ्या हाताला धरून गेले, आणि खुर्चीत त्यांचे अंग वेडेवाकडे हलत होते. डॉक्टरांनी कागद बघितला आणि त्यांना आनंद झाला. म्हणाले, "आजी, आजोबांचा आजार फार हळू चाललाय. चालीवरून तर ते पहिल्या पायरीवर आहेत. गोळ्या जास्त झाल्यात, म्हणून अंग हलतंय." असे म्हणून चाराच्या दोन केल्या.

तिथेच मी तोंड उघडायला पाहिजे होते. साहेब, मी सासूपुढे तोंड मिटले नाही, पेढीवरच्या शेटपुढे मिटले नाही. त्या खोलीत मी मिटले. कबूल केले तर नाव कमी होईल, आणि कमी नाही झाले तरी त्या पृथ्वीराजपुढे मी खोटारडी ठरेन, असे दोन्ही एकदम मनात आले. त्यातले कुठले आधी आले ते मला माहीत आहे आणि ते इथे लिहीत नाही. माझे पती माझ्याकडे बघत होते. त्यांनीही काही सांगितले नाही. बायकोला खोटे पाडायचे नाही म्हणून गप बसले, असे मला नंतर त्यांनी सांगितले.

७. आठ दिवसांत सकाळचा चहा त्यांच्या हाताने होईना. पंधरा दिवसांत पैंजण वाजायचे जवळजवळ बंद झाले. दि. १९ ऑगस्ट रोजी सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यात ते अडकले. मी ठोका देत होते. चार वर्षांत पहिल्यांदाच ठोक्यावर पाय उचलला नाही. मी जोराने दिला. अंग पुढे आले. खुबा मोडला. ऑपरेशन दुसरीकडे झाले, ते नीट झाले असे म्हणतात. पण तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. अंग लाकूड झाले आहे. भात मऊ करून घातला तरी घशात थांबतो. पाठीला दोन जागी जखम झाली आहे. ते पडून आहेत ते मोडल्या हाडामुळे नाही, हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनीच सांगितले. म्हणाले, "हाड जुळलंय, माणूसच हलेना."

गोळी दुकानात मिळते हे मला ठाऊक आहे. पण चिठ्ठीशिवाय दुकानदार देत नाही, आणि आमचे गावचे डॉक्टर म्हणतात, "मावशी, मोठ्यांनी यंत्र लावून कमी केलेली मी कशी वाढवू?" त्यांनी माझ्या पतीला हात लावून बघितले. मान हलवली. आणि तरी चिठ्ठी दिली नाही. माणूस समोर पडला आहे आणि सगळे कागदावरच्या चालणाऱ्या माणसाला गोळी देत आहेत.

८. म्हणून मी दि. २२ सप्टेंबरला अर्ज करून खरे ते कळवले. त्यास आपण जे उत्तर दिले त्यावर माझे म्हणणे असे :

अ) आपण लिहिता, "यंत्र रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीने वापरणे नियमात बसत नसल्याने तसे घडले असे ग्राह्य धरता येत नाही." नियमात बसत नाही ते घडत नसेल तर कळंब्याच्या जेलात माणसे कशाला ठेवली आहेत?

ब) आपण लिहिता, "तथापि तसे घडले असल्यास तो संमतीपत्राचा भंग होय व रुग्णाचे नाव प्रकल्पातून वगळावे लागेल." म्हणजे मी खोटे बोलले असेन तर अहवाल खरा आणि गोळ्या दोन. मी खरे बोलत असेन तर नाव बाद आणि गोळी एकही नाही. यातले मी काय निवडावे ते आपण लिहिलेले नाही. संमतीपत्रावर सही माझ्या पतीची आहे. मुंगीएवढी आहे, या आजारात अक्षर बारीक होत जाते. त्यांनी भंग केलेला नाही. ते खाटेवर बसले होते. भंग मी केला.

क) आपण लिहिता, "फेरमोजणीसाठी रुग्णाने आधाराशिवाय किमान दहा पावले चालणे आवश्यक आहे." ते दहा पावले चालत असते तर मी आपणांस अर्ज केला नसता. चार गोळ्या मिळाल्या तर चालतील. चार गोळ्या फेरमोजणी झाली तर मिळतील. फेरमोजणी चालले तर होईल. गणपतरावांनी चाळीस वर्षे सरकारी नोकरी केली. हे वाचून ते म्हणाले, "बायडाबाई, हे पत्र नव्हं, ही रहाटाची माळ हाय." मी हसले नाही.

९. आपल्या उत्तरासोबत अहवालाची नक्कल आली. ती इंग्रजीत आहे. गणपतरावांनी मराठीत लिहून दिली. त्यात पान २ वर आहे की चाल एकंदर चांगली, पाऊल पुरेसे लांब, मात्र डावे पाऊल उजव्यापेक्षा उशिरा उचलते व किंचित ओढते, डावीकडे वळताना पावले जास्त पडतात, आणि हे सर्व आजाराच्या पहिल्या पायरीशी जुळते.

हे वाचल्याबरोबर मला आनंद झाला, कारण हा पुरावा होता. माझ्या पतीचा आजार उजव्या बाजूचा आहे. अंगठा उजवा, पाय उजवा, खुबाही उजवाच मोडला. आपल्याच दप्तरात नऊ वर्षांचे कागद आहेत, त्या सगळ्यांवर उजवे लिहिले आहे. अहवालात डावे आहे. म्हणजे ती चाल त्यांची नाही हे आपल्या यंत्रानेच सांगितले. मी गणपतरावांना म्हटले, "घ्या, ह्यावर तरी साहेबांनी आता बोलावं."

गणपतरावांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "व्हय, पण मग डावं कुणाचं?"

मी त्यांना चहा घ्या म्हटले आणि उठून आत गेले. आक्का म्हणाल्या, तुझी डावी चप्पल टाचेला झिजलीया हे मी गणपतीत बघितलतं, म्हटलं बाई दमली असंल. तो पाय मी कुणा डॉक्टरला दाखवलेला नाही व दाखवणार नाही. कारण आमच्या घरात एका वेळी एकच माणूस आजारी पडू शकतो, आणि ती जागा भरलेली आहे. परंतु यंत्र खोटे बोलत नाही असे आपण म्हणता, तर ते एवढ्यापुरते मलाही मान्य आहे.

१०. सबब नम्र विनंती की :

सदर अहवाल माझे पतीचे नावावरून काढून माझे नावावर लावणेत यावा. वाटल्यास माझे पाय आपण बोलावून पुन्हा मोजावेत, कागदाशी जुळतात का बघावे. जुळले तर मी खरे बोलले हे सिद्ध होईल. दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

नियमभंगाची जी काही शिक्षा असेल ती मला द्यावी, रुग्ण क्र. ३१ यांना नको.

मोठ्या डॉक्टरांनी एकदा हुपरीस येऊन माझ्या पतीला समक्ष बघावे. यंत्र आणू नये. हात धरून बघावा, कोपर वाकवून बघावे, एवढे पुरे. येणे जमत नसेल तर चार गोळ्यांची चिठ्ठी टपालाने पाठवावी.

सोबत अहवालाची नक्कल, आपले उत्तर, खुब्याचा एक्स-रे आणि आक्कांचा जबाब अंगठ्यासह जोडला आहे. आक्कांनी जबाबात माझ्याबद्दल आणखीही काही लिहून घ्यायला लावले आहे. ते या प्रकरणाशी संबंधित नाही, ते सोडून वाचावे.

११. शेवटचे. आम्हांला एक मुलगी, ती निपाणीला दिली, तिचा संसार तिला आहे. आक्कांनाच धरावे लागते. तेव्हा माझ्या पतीला उचलणारी घरात मी एकटी. कुशीवर करणे, बसवणे, धुणे, परत निजवणे, असे दिवसातून सात-आठ वेळा होते. त्यांचे अंग ताठ असल्यामुळे दोन्ही पाय रोवून उभे राहावे लागते, तेव्हा कुठे ते हलतात. गेल्या आठवड्यात डावा पाय एकदा सरकला. ते माझ्या अंगावर आले, मी भिंतीला टेकले, आम्ही तसेच थोडा वेळ राहिलो. त्यांनी कानात विचारले, "काय झालं?" मी म्हटले, "फरशी वली हाय." फरशी कोरडी होती.

आपल्याकडे माझे सात दिवसांचे पाय लिहिलेले आहेत. मला गोळी नको, माझे नावही यादीत घालू नका. फक्त आपल्या मोठ्या डॉक्टरांना विचारून एवढे कळवावे की हा डावा पाय अजून किती महिने भार घेईल. त्याच्या आत त्यांना चार गोळ्या मिळाल्या तर ते स्वतः उठून बसतील. नाही मिळाल्या, तर त्या दिवसानंतर त्यांना कोण उचलणार, हे आपल्या पुढच्या पत्रात लिहावे.

आपली,
सौ. बायडाबाई केरबा मुधाळे
(सही स्वतः केली आहे)

हुपरी
दि. ३ नोव्हेंबर २००८